डबकं नंबर चार : आंबोलीच्या सड्यावरचा एक जून

पार्श्वभूमी

हे प्रकरण जून २०२३ मधलं आहे. ठिकाण आंबोलीच्या आसपासचा एक सडा, कुठला ते मुद्दाम लिहीत नाही आणि का ते पुढं वाचताना कळेलच. माणसांची नावंपण काढून टाकलीत. बाकी जे घडलं ते आमच्या वहीतल्या नोंदी समोर ठेवून लिहितोय.

सडा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जांभ्या दगडाचं उघडं सपाट पठार, झाड जवळजवळ नाहीच, माती असलीच तर फटींमधे, आणि मे महिन्यात त्यावर चप्पल काढून दोन पावलं टाकवत नाहीत इतकं तापतं. सातबाऱ्यावर त्यातलं बरंचसं पोटखराबा म्हणून पडलेलं असतं, त्यामुळं लोकही त्याला फुकट गेलेली जमीन समजतात. पण पावसाचे दोन-तीन दणके बसले की कातळावरचे खळगे भरतात, कुठला ताटाएवढा, कुठला खाटेएवढा, खोली कुठं बोटाच्या पेरभर तर कुठं पोटरीपर्यंत, आणि मग त्या पाण्यावर इतक्या जिवांची गडबड सुरू होते की एका जागी बसून दोन तास कसे जातात कळत नाही.

आम्ही बघायला गेलो होतो आंबोली टोड. टोड म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक. आपल्या अंगणात पावसाळ्यात येऊन बसतो तो ओबडधोबड बेडूक याच घराण्यातला, पण हा त्याच्या मानानं अगदीच लहान, तीन-चार सेंटीमीटर, आणि दोन्ही कुशींवर पिवळ्याधमक तुटक पट्ट्या. त्या पट्ट्या बघूनच २००९ साली त्याला झँथोफ्रायनी टायगरिना हे नाव मिळालं, वाघासारखा म्हणून. एस. डी. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जात जगासमोर आणली. झँथोफ्रायनी या छोट्या गटात जगात जाती दोनच, एक हा आणि दुसरा १९६३ साली कोयनेच्या भागातून नोंदवला गेलेला कोयना टोड. दोन्ही पश्चिम घाटातलेच, बाहेर कुठंही नाहीत. कुठल्या जातीला किती धोका आहे ते ठरवणाऱ्या आययूसीएन या जागतिक संस्थेच्या लाल यादीत आंबोली टोड सगळ्यात वरच्या धोक्याच्या पायरीवर आहे, म्हणजे त्यानंतर थेट जंगलातून नाहीसा.

आणखी एक गोष्ट इथं सांगायलाच हवी कारण पुढचा सगळा वाद तिच्याभोवती फिरला. अंगणातला बेडूक एका वेळी हजारोंनी अंडी घालतो, लांबच लांब माळच्या माळ. हा तसं करत नाही, याची अंडी काही डझनांच्या हिशोबात, आणि तीपण खोल पाण्यात न घालता कातळावरच्या उथळ डबक्यात. त्यामुळं एक डबकं गेलं म्हणजे एका जोडीची त्या वेळची बहुतेक सगळी पिल्लं गेली.

आम्ही पाच जण. बेडकांवर बरीच वर्षं काम केलेले एक सर, जवळच्या गावात शाळेवर शिकवणाऱ्या मॅडम ज्यांचा रोजचा रस्ता सड्याच्या कडेनं जातो, सावंतवाडीचा एक कॉलेजचा मुलगा, कोल्हापूरचा माझा मित्र आणि मी. आम्ही दोघं शनिवारी आजऱ्यावरून यायचो, बाकी दिवस मॅडम सकाळी एक फेरी मारायच्या. कुठलाही प्राणी पकडायचा नाही, हातात घ्यायचा नाही, फक्त बघायचं आणि लिहायचं असं ठरलं होतं. अकरा डबकी निवडली, प्रत्येकाला नंबर दिला, आणि दर वेळी पाण्याची खोली, पाण्याचं तापमान, अंडी, पिल्लं आणि आजूबाजूला खेकडे, चतुर वगैरे कोण आहे एवढं लिहायचं.

पहिली रात्र

१० जूनला संध्याकाळी पोचलो तेव्हा पावसाची सर कोसळत होती. केरळात मान्सून ८ तारखेला लागला होता आणि दक्षिण कोकणात ११ ला पोचला असं जाहीर झालं, म्हणजे आम्ही अगदी तोंडावर तिथं होतो. अंधार पडला तसा आवाज सुरू झाला. तो कुठून येतोय ते कळेना, पायाशी येतोय असं वाटून टॉर्च मारावा तर तिथं काहीच नाही, सर म्हणाले सगळ्यांनी टॉर्च बंद करा आणि बसा. बसलो. दहा-बारा मिनिटांनी डोळे सरावले आणि मग टॉर्चला लाल कागद लावून हळूच पाहिलं तर आमच्यापासून हातभर अंतरावर नर बसला होता, गळा फुगवलेला, कुशीवरचा पिवळा लाल उजेडात पांढरट दिसत होता.

डबकं नंबर चारजवळ एक जोडी होती. मादीच्या पाठीवर नर घट्ट धरून बसलेला आणि मादी डबक्याच्या काठानं फिरत होती, पाण्यात उतरायची, थांबायची, पुन्हा बाहेर यायची. तिनं आधी तीन नंबरही असाच चाचपला होता. आम्ही कोणी बोललो नाही. पाऊण तासाने ती चार नंबरमधे एका कोपऱ्यात स्थिर झाली.

सकाळी तिथं अंडी होती. ते डबकं केवढं होतं तर माझी वीत आणि वर चार बोटं, रुंदी वीतभर, खोली फूटपट्टीने तीन सेंटीमीटर. तळाचा जांभा विटकरी, त्याला हिरवट शेवाळाची पातळ साय, आणि त्यावर जेलीत बसलेले काळे दाणे, तिळापेक्षा थोडे मोठे. मी सत्तावीस मोजले, पुढचे एकमेकांआड गेल्यामुळं मोजता आले नाहीत. दोन आणि सात नंबरमधेही अंडी मिळाली. परत निघताना खूप आनंदात होतो, इतकं सगळं पहिल्याच वीकेंडला बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

प्रश्न कुठं सुरू झाला

पाऊस थांबला. त्या वर्षी अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ होतं, ते उत्तरेला गुजरातकडं सरकलं, कोकणात पोचलेला मान्सून तिथंच अडकला आणि पुढचे दहा-बारा दिवस नुसते ढग, मधेच कडक ऊन, अधूनमधून चार थेंब. आंबोलीसारखं ठिकाण जिथं वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथं जूनच्या मध्यात कातळ कोरडा पडायला लागला.

अंड्यांतून पिल्लं बाहेर आली होती. मॅडमच्या नोंदी रोज ग्रुपवर यायच्या. चार नंबरची खोली तीन सेंटीमीटरवरून दोन, मग दीड. १६ तारखेला एकच्या खाली. दुपारी दोन वाजता पाण्याचं तापमान ३४ अंश. पिल्लं सगळी एका कोपऱ्यात जमलेली.

त्यात आणखी दोन गोष्टी झाल्या. सात नंबरचं डबकं एका कच्च्या वाटेला लागून होतं, त्या वाटेनं लोक गाड्या थेट सड्यावर दरीच्या टोकापर्यंत नेतात, आणि १५ तारखेला मॅडमना त्या डबक्याच्या कडेवर टायरचा ठसा दिसला, चाक अर्ध्या डबक्यातून गेलं होतं. दुसरं म्हणजे आमच्यातल्याच एकाने पहिल्या रात्रीचा फोटो एका मोठ्या निसर्गप्रेमींच्या ग्रुपवर टाकला होता, मनात काही वाईट नव्हतं, आनंदानंच टाकला, पण फोटोसोबत लोकेशन गेलं.

१७ तारखेला आम्ही पोचलो तर सड्यावर दहा-बारा माणसं, मोठाले टॉर्च, फ्लॅश, आणि दोघं जण सुटे दगड उलटे करून बघत होते. आधी बोललो तेव्हा ते ओशाळले, वाईट माणसं नव्हती ती, फक्त बघायची ओढ होती आणि आमच्याच फोटोवरून आली होती. पण एकाच्या मोज्यांना जळवांसाठी मीठ आणि तंबाखू चोळलेली होती आणि तो डबक्यातून चालत होता. बेडकाची कातडी पाणी शोषून घेते, मीठ-तंबाखूचं पाणी त्या पिल्लांच्या अंगात थेट जातं, आणि बोटभर पाणी उरलेल्या डबक्यात ते पातळ व्हायलाही जागा नसते.

आता करायचं काय, हा प्रश्न त्या रात्री आमच्यापुढं उभा राहिला. एकाच वेळी तीन कारणांनी डबकी जात होती, ऊन, चाकं आणि माणसं, आणि तिन्हींवर एकच उत्तर नव्हतं.

काय काय पर्याय होते

सगळ्यात आधी सुचतो तो पर्याय, पिल्लं उचलून खोल डबक्यात सोडायची. अकरा नंबर पोटरीपर्यंत खोल होता, पंचवीस पावलांवर, पाणी भरपूर. माझा कल त्याच बाजूला होता हे मान्य करतो. मॅडमचा तर पूर्णच. त्या म्हणाल्या, जगात मोजक्या जागी राहिलेला प्राणी आहे, त्यातली वीस-पंचवीस पिल्लं आपल्या डोळ्यासमोर मरतायत आणि आपण फूटपट्टी घेऊन बसायचं का. याला उत्तर द्यायला सोपं नाही.

सरांनी अकरा नंबरपाशी नेलं. टॉर्च पाण्यात धरला. तळाला दोन खेकडे, चतुरांची पिल्लं पाच-सहा तरी, जी जबडा झटक्यानं पुढं फेकून भक्ष्य पकडतात, आणि दुसऱ्या बेडकांची मोठाली पिल्लं गठ्ठ्यानं. ते म्हणाले, मादी परवा याच डबक्याच्या बाजूनं गेली होती आणि इथं उतरली नाही, उथळ पाणी आटतं हे खरं पण उथळ पाण्यात खाणारे कमी असतात, ती कुठला धोका घेते ते तिचं ठरलेलं आहे. तुम्ही पिल्लं इथं टाकली तर तुम्हाला मरताना दिसणार नाहीत एवढाच फरक पडेल. हे ऐकून मी गप्प झालो.

दुसरा मुद्दा रोगाचा. कायट्रिड नावाची बुरशी बेडकांच्या कातडीला लागते, जगात कितीतरी जाती तिनं खाल्ल्या, आणि पश्चिम घाटाच्या उत्तर भागातल्या बेडकांवरही तिची नोंद २०१३ साली झाली. एका डबक्यातलं पाणी, हात, जाळी दुसऱ्या डबक्यात नेणं म्हणजे ती पसरवायची शक्यता. आणि तिसरं सरळ होतं, इतक्या दुर्मीळ प्राण्याला हलवायची परवानगी आमच्याकडं नव्हती आणि ती मागायची तर त्याला वेळ लागणार.

पर्याय दोन, वरून पाणी घालायचं. वाटतं की यात काय बिघडतं. पण कुठलं पाणी? नळाच्या पाण्यात क्लोरिन, बाटलीतल्या पाण्याचं तापमान आणि क्षार वेगळे, ओढ्यातलं आणलं तर पुन्हा तोच रोगाचा प्रश्न. पावसाचं पाणी पत्र्यावरून धरून ठेवलं असतं तर चाललं असतं, पण ते आधी धरायला हवं होतं. शिवाय एकदा घातलं की रोज घालायला लागणार, आणि आमची नोंद मग डबक्याची न राहता आमच्या बादलीची होणार.

पर्याय तीन, सावली करायची. चार काठ्या आणि झावळ्या. ऊन कमी होईल, पाणी हळू आटेल, पाण्याला हात लागणार नाही. हा मला अजूनही सगळ्यात बरा पर्याय वाटतो. सरांना तो नको होता कारण सावलीत शेवाळ कमी वाढतं आणि पिल्लं तेच खरवडून खातात. चार-पाच दिवसांच्या सावलीनं शेवाळाचं किती बिघडलं असतं यावर आमचं आजही एकमत नाही.

पर्याय चार, काहीच करायचं नाही, फक्त माणसामुळं जे नुकसान होतंय ते थांबवायचं. म्हणजे उन्हानं डबकं आटलं तर आटू द्यायचं, पण चाक आणि टॉर्च अडवायचे.

यावर सावंतवाडीच्या मुलानं विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो. तो म्हणाला, पण सर, पाऊस असा मधेच गायब होणं हे तरी किती नैसर्गिक राहिलंय? सर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, एका वर्षाच्या पावसावरून ते सांगता येत नाही, ओढ पूर्वीपण पडायची, आणि हा प्राणी त्या ओढीतून आजवर निघालाय, पण चाकातून निघालेला नाही. रात्री साडेबारापर्यंत आम्ही कातळावर बसून हेच बोलत होतो.

शेवटी चौथा पर्याय ठरला. मॅडमना तो पटला नव्हता, तसं वहीत लिहिलंय.

प्रत्यक्षात काय केलं

पहिलं काम लोकेशनचं. ज्याने फोटो टाकला होता त्याने रात्रीच तो काढला आणि ग्रुपवर लिहिलं की जागा विचारू नका. ज्यांनी पुढं पाठवला होता त्यांना एकेकाला मेसेज केले. सगळीकडून निघाला नसणार, पण पुढच्या शनिवारी फक्त तीन माणसं आली.

दुसरं काम वाटेचं. सकाळी आम्ही सुटे दगड गोळा करून वाटेवर आडवी रांग लावायला घेतली, चार-पाच उचललेपण. तेवढ्यात तिथल्या वाडीतले एक काका गुरं घेऊन आले आणि ओरडलेच, "अरे दगड कित्याक उचलतास? त्याच्या खाली जीव आसतत!" बरोबरच होतं. सड्यावर सुटा दगड म्हणजे कोणाचंतरी घर, पालींचं, विंचवाचं, दिवसा या टोडचंपण, आणि फुरसं असलं तर आपलाच हात जायचा. आदल्या रात्री दगड उलटणाऱ्यांना आम्हीच बोललो होतो आणि सकाळी तेच करत होतो. उचललेले दगड ज्या खाचेतून काढले त्याच खाचेत, त्याच बाजूनं परत बसवले.

कातळात खड्डा मारता येत नाही म्हणून काठ्या रोवायच्या कशा हा प्रश्न. काकांनीच उपाय काढला, रंगाचे रिकामे डबे आणले, त्यात खडी भरली आणि त्यात बांबू उभे केले, मधे सुंभ बांधला. पाटीवर काय लिहायचं यावरही चर्चा झाली. बेडकांची अंडी असं लिहिलं तर उलट लोक थांबून बघायला येतील, म्हणून मॅडमनी शाळेच्या खडूनं नुसतं "गाडी इथेच लावा, पुढे रस्ता बंद" एवढंच लिहिलं. जमीन सामायिक होती, काकांच्या घरचा त्यात हिस्सा, त्यांनी बाकीच्या दोन घरांत जाऊन सांगितलं आणि वनरक्षकांनाही फोन करून कळवलं.

तिसरं काम आमचं स्वतःचं. रात्रीच्या फेऱ्या बंद केल्या. डबक्यात पट्टी बुडवायची पण थांबवली, काठावरच्या एका ठरलेल्या बिंदूपासून पाणी किती आत सरकलं तेवढंच मोजायचं. बूट घरून धुवून आणि पूर्ण वाळवूनच सड्यावर यायचं. मीठ, तंबाखू, डासांचं मलम काहीही लावायचं नाही, जळवा चावल्या तर चावू देत.

निघताना काका मॅडमना म्हणाले, "बाई, पाऊस येतलो. घाबरू नकात."

एक गोष्ट जी आम्हाला दुसऱ्या दिवशी कळली

१८ तारखेला परतीच्या वाटेवर आजऱ्याला चहा प्यायला थांबलो तेव्हा माझ्या मित्राने सांगितलं की आदल्या रात्री सगळे झोपल्यावर तो परत सड्यावर गेला आणि पाण्याची अर्धी बाटली चार नंबरमधे ओतून आला. त्याला ते सांगताना त्रास होत होता. मी चिडलो नाही, कारण मीही त्या रात्री दोनदा उठून बसलो होतो. पण सरांना फोन करून सांगितलं आणि चार नंबरच्या नोंदीपुढं तारीख आणि "बाहेरून पाणी घातले, अंदाजे अर्धा लिटर" असं लिहिलं. त्याने सांगितलं नसतं तर पुढच्या दिवशी वाढलेलं पाणी आम्ही दव किंवा रात्रीची सर म्हणून लिहून मोकळे झालो असतो आणि ती चूक कायमची आमच्या आकड्यांत बसली असती.

परिणाम

चार नंबर १९ तारखेला दुपारी पूर्ण आटलं. मॅडमनी फोटो पाठवला. शेवाळाची साय सुकून पापुद्र्यासारखी वर वळली होती आणि तिच्या कडेला बारीक काळे ठिपके, स्वल्पविरामासारखे. त्यांनी अकरा मोजले. बाकीचे पक्ष्यांनी किंवा मुंग्यांनी नेले असतील. फोटोखाली त्यांनी काही लिहिलं नव्हतं आणि आमच्यापैकी कोणीही त्यावर दिवसभर काही लिहिलं नाही.

सात नंबर काठ्या लावल्यावर चाकातून वाचला पण त्याचीपण एक बाजू आधीच चेचली गेली होती, पाणी फटीतून निघून जायचं, तो २१ ला आटला.

दोन नंबर टिकला. का टिकला ते नंतर कळलं. त्याच्या पश्चिमेला कंबरेइतका जांभ्याचा उंचवटा आहे, दुपारी तीननंतर त्याची सावली डबक्यावर येते, त्यामुळं तिथलं पाणी आमच्या नोंदीत कधीच ३० च्या वर गेलं नाही. म्हणजे सावलीनं फरक पडतो हे आमच्याच वहीत होतं, फक्त त्या रात्री आम्ही ते पान उघडून पाहिलं नाही. शिवाय शेवाळ तिथंही होतं, थोडं कमी पण होतं.

पाऊस २३ च्या रात्रीपासून धरला आणि २४ ला आम्ही पोचलो तेव्हा सडा पुन्हा वाहत होता. २५ ला सकाळी चार नंबरमधे नवी अंडी होती. जुन्या साईचे पापुद्रे भिजून पुन्हा तळाला बसले होते आणि त्यावरच नवे काळे दाणे. मॅडम तिथं उकिडव्या बसून बराच वेळ बघत होत्या.

१६ जुलैला दोन नंबरच्या काठावर पहिली चार पायांची पिल्लं दिसली, शेपटीचं बोंड अजून गेलं नव्हतं, अंगानं तांदळाच्या दाण्याएवढी. ओल्या कातळावरून ती उंचवट्याच्या दिशेनं चालली होती. चालत होती, उड्या नाही. एका बोटाएवढं अंतर कापायला त्यांना मिनिटभर लागायचं. आम्हाला पाच दिसली, किती निघाली असतील ते सांगता येणार नाही. चार नंबरची दुसरी खेपही बहुतेक पार पडली, जुलैभर पाऊस थांबलाच नाही.

आज विचार करता काय वेगळं केलं असतं

हस्तक्षेप कधी करायचा आणि कधी नाही हे पाऊस पडायच्या आधी, घरी, शांतपणे बसून ठरवायला हवं होतं. आटणाऱ्या डबक्याशेजारी रात्री बारा वाजता पाच दमलेल्या माणसांनी ते ठरवणं बरोबर नव्हतं. निर्णय कदाचित तोच आला असता, पण मॅडमना तो लादल्यासारखा वाटला नसता आणि मित्राला चोरून पाणी घालायला जावं लागलं नसतं.

सावलीचा पर्याय इतक्या पटकन सोडायला नको होता. निदान अंडी नसलेल्या एखाद्या डबक्यावर झावळ्या धरून पाणी किती हळू आटतं आणि शेवाळाचं काय होतं हे बघता आलं असतं. ते मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या वळवानंतर, कोणालाही धक्का न लावता करता येण्यासारखं काम होतं. सर आता यावर थोडे मऊ झालेत, पण पिल्लं असलेल्या डबक्यावर नको हे त्यांचं म्हणणं कायम आहे.

पिल्लं ओळखण्यात आमची एक मोठी चूक झाली. नऊ नंबरमधली पिल्लं आम्ही दोन आठवडे आंबोली टोडची म्हणून मोजत होतो आणि ती निघाली दुसऱ्याच बेडकाची. लहानपणी सगळीच काळी आणि गोल दिसतात. अंडी घालताना जोडी डोळ्यांनी पाहिली असेल तेवढीच डबकी मोजायची, बाकीच्यांपुढं सरळ "माहीत नाही" लिहायचं, हे आम्ही जुलैत शिकलो आणि नऊ नंबरचं पान पूर्ण बाद केलं.

काकांना आम्ही नवव्या दिवशी भेटलो, तेही योगायोगानं. ते पहिल्या दिवशी भेटायला हवे होते. कुठली वाट गाड्या धरतात, कुठल्या खळग्यात पाणी गणपतीपर्यंत राहतं, गुरं कुठं पाणी पितात हे त्यांना तोंडपाठ होतं, आणि आम्ही ते फूटपट्टीनं शोधत बसलो होतो. नंतर त्यांनीच सांगितलं की सात नंबरला ते लहानपणापासून "फुटकी" म्हणतात कारण तिच्यात पाणी कधीच ठरत नाही. म्हणजे चाकानं चेचायच्या आधीपासूनच तिला फट असणार, आणि आमच्या वहीत मात्र सगळा दोष टायरवर लिहिलेला होता, तो दुरुस्त केला.

फोटोचं सांगायचं तर आता सड्यावर चढायच्या आधी पाचही जण फोनचं लोकेशन बंद करतात आणि एकमेकांचे फोन बघतात. फोटो टाकायचाच तर पावसाळा संपल्यावर, आणि त्यात मागचा डोंगर किंवा पवनचक्की असं ओळखू येणारं काही येऊ द्यायचं नाही.

२०२४ ला पाऊस वेळेवर आला, जूनच्या पहिल्याच आठवड्यात. काकांनी डबे आणि बांबू मे महिन्यातच काढून वाटेवर लावले होते, पाटी नवी, अक्षर त्यांच्या नातीचं. ८ जूनला रात्री आम्ही दोन नंबरपासून दहा हात लांब बसलो, टॉर्च बंद, आणि अर्ध्या तासाने फुटकीच्या बाजूनं पहिला आवाज आला.